बोट बांधायची कुठे?

पुण्यात राहून शिडाची बोट घेणं हा शहाणपणा नव्हे, हे बायकोने मला बोट घेण्याआधीही सांगितलं होतं आणि नंतर तर रोजच. मी, शिरीष आणि बंड्या अशा तिघांनी वर्गणी काढून मुंबईत एक जुनी सव्वीस फुटी बोट घेतली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ती ठेवायला जागा नाही.

मुंबईत बोट पाण्यात बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला बांधायची, तिच्यापर्यंत छोट्या होडीने वल्हवत जायचं आणि पावसाळ्यापूर्वी ती क्रेनने उचलायची. तिथे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरने चढतं-उतरतं. धक्क्यावरून होडीत ती चढ-उतार गुडघ्यांना झेपेना. कोचीला बोळगट्टीत खरीखुरी मरीना आहे, धक्क्यावरच वीज-पाणी. पण समुद्रमार्गे पाचशेहून जास्त सागरी मैल. "मग विमानच घ्यायचं होतं," बायको म्हणाली.

शेवटी मार्चमध्ये ठरलं, आपणच दक्षिणेकडे जात बंदरं बघायची. या दिवसांत दुपारी वायव्येचा वारा सुटतो. खाली जाताना तो पाठीशी, परतताना थेट तोंडावर. म्हणजे नाकारलेल्या स्थळाकडे पुन्हा जायचं, तर नाक घासतच. हे आमच्यापैकी कुणीच बोललं नाही.

मांडवा बंड्याला 'फार मुंबई' वाटलं. राजपुरीची खाडी सुरेख, पण "जंजिऱ्याने भल्याभल्यांना दाद दिली नाही" म्हणून शिरीषने तीही सोडली. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघितला, सुरमई खाल्ली आणि रात्रभर लाटांवर इतके हेलकावलो, की ती सुरमई स्वगृही परतली. जयगडला पाणी खोल, आडोसाही उत्तम. पण शेजारून कोळशाचं जहाज गेलं आणि आम्ही मान वर करून बघता बघता तिघंही देवाचं नाव घेऊ लागलो.

विजयदुर्गाला शिरीष गहिवरला. "आंग्र्यांनी आरमारासाठी हे बंदर निवडलं, गिर्ये इथे खडक फोडून गोदी केली. आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भरलेल्या भरतीला आम्ही वाघोटण खाडीत आडोसा शोधत आत आत शिरलो. आंग्र्यांची गलबतं उथळ पाण्यात सहज शिरत. आमची बोट पाण्याखाली साडेचार फूट जाते. हा फरक चिखलाने समजावून सांगितला.

काठावर जाळं विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "पावण्यांनू, पाणी सुकता हा."

"भरती येईल की पुन्हा!"

"येतली. पण आतापासून भरती बारीकच. फुडच्या उधाणाक बोट निघतली. तवसर रवा हयच."

पुढचं उधाण अमावास्येला, म्हणजे पंधरा दिवस. बोट एका कुशीवर कलंडली, आम्ही आळीपाळीने पुण्याला जाऊन हजेरी लावून आलो. आठवड्यात आमच्या नांगराच्या दोरावर कुणाची तरी लुंगी वाळू लागली. बंड्याने तर पावसाळ्यासाठी बोट कुठे शाकारायची, झावळ्या कोण देईल, याचीही चौकशी करून ठेवली.

अमावास्येला बोट तरंगली. आम्ही ती शंभर हात पुढे खोल पाण्यात नेली आणि नांगर टाकला.

"आता जावचा नाय?" आजोबांनी विचारलं.

"वारा समोरून आहे," शिरीष म्हणाला.