रात्री साडेअकराचा फोन पहाटे पाचला झाला, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. जुन्नर तालुक्यातील आमच्या कृषी पर्यटन केंद्राबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी आणि माझ्या पत्नीने एकत्र बसून वाचला. शाळेच्या मुक्कामी सहलीत आपल्या मुलाला रात्री ११.३० वाजता उलट्या सुरू झाल्या, आपल्याला मात्र पहाटे ५.१० वाजता कळवण्यात आले, जेवणातली मासवडी शिळी होती, मुलाला तंबूत एकटे ठेवले आणि मालक झोपून राहिले, असे आपण लिहिले आहे. हे उत्तर इतर पालकही वाचतील, म्हणून मुलाचे, शाळेचे आणि शिक्षकांचे नाव मी कुठेही घेत नाही.

सर्वांत आधी फोनबद्दल लिहितो, कारण आपल्या रागाचे मूळ तिथे आहे आणि तो राग रास्त आहे. पहिली उलटी झाली तेव्हा सोबतच्या शिक्षकांनी मला उठवले. पालकांना इतक्या रात्री कळवले तर ते घाबरतील, सकाळपर्यंत वाट पाहू, असे आमच्यात बोलणे झाले आणि मी त्याला मान डोलावली. शिक्षकांकडे बोट दाखवून मला यातून सुटायचे नाही. जागा माझी होती, परिसर माझ्या माहितीचा होता आणि आग्रह धरला असता तर फोन त्याच वेळी झाला असता. पालकांच्या क्रमांकांची यादी फक्त शिक्षकांकडे होती हे खरे, परंतु ते दहा पावलांवर उभे होते. आपल्या मुलाला बरे नाही हे पुण्यात बसलेल्या आईला जवळपास सहा तास ठाऊक नसावे, हे ठरवण्याचा अधिकार आम्हा दोघांपैकी कोणालाही नव्हता. त्याबद्दल मी आपली आणि मुलाच्या वडिलांची मनापासून क्षमा मागतो.

दवाखान्यात नेण्यास उशीर झाला, तोही माझ्याच निर्णयामुळे. आमच्या भागात बिबट्यांचा वावर मोठा आहे (माणिकडोहचे बिबट्या निवारण केंद्र आमच्याच तालुक्यात आहे), त्यामुळे अंधार पडल्यावर मुलांना आवाराबाहेर न्यायचे नाही हा आमचा नियम आहे, आणि त्या रात्री मी स्वतःची समजूत त्याच नियमाने घातली. पण तो नियम पायी फिरण्यापुरता आहे. टोमॅटोच्या हंगामात मी त्याच रस्त्याने रात्री-अपरात्री क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजारात जातो. आजारी मुलाला गाडीत घालून नेण्यात कसलीच अडचण नव्हती. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता आली असती, तीही बोलावली नाही. पहाटे ४.३० वाजता अंगात ताप भरला आणि मूल मलूल दिसू लागले, तेव्हा कुठे आम्ही ग्रामीण रुग्णालयाकडे निघालो. तेथील डॉक्टरांनी लगेच सलाईन लावले. दुपारपर्यंत मुलाला उतार पडला हे त्याचे आणि त्या डॉक्टरांचे श्रेय आहे, आमचे नाही.

एका गोष्टीत मात्र वस्तुस्थिती वेगळी आहे आणि ती नोंदवणे मला आवश्यक वाटते. मूल तंबूत एकटे नव्हते. पहिल्या उलटीनंतर लगेच त्याला आमच्या राहत्या घरात आणले होते आणि माझी पत्नी पहाटेपर्यंत त्याच्या उशाशी बसून होती. तिने प्रत्येक उलटीनंतर दहा मिनिटे थांबून ओआरएसचे पाणी चमच्या-चमच्याने पाजले. मात्र यातही एक चूक घडली, जी आपल्याला ठाऊक नसावी. आमच्या मदतनिसाने १ लिटर पाण्यासाठी असलेली ओआरएसची अख्खी पुडी एका पेल्यात कालवली होती. इतके दाट द्रावण लहान मुलाच्या शरीरातील क्षाराचे प्रमाण बिघडवू शकते. दोन घोट गेल्यावर पत्नीच्या लक्षात आले, तिने तो पेला ओतून दिला आणि पाणी मोजून नवे द्रावण केले. ही गोष्ट मी रुग्णालयातील डॉक्टरांना सांगितली होती, आपल्याला सांगायची राहिली.

आता जेवणाविषयी. मासवडी आदल्या दिवसाची नव्हती, ती त्याच दिवशी दुपारी ४ वाजता थापली होती. पण ती वाढली रात्री ८.३० वाजता, आणि मधले साडेचार तास ती स्वयंपाकघरात नुसती झाकून ठेवलेली होती. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे किंवा फ्रिजमध्ये गेले पाहिजे. कोमट अवस्थेत तासन् तास राहिले की त्यात जंतू वाढतात. त्यामुळे ‘शिळी नव्हती’ एवढे म्हणून मी हात झटकणार नाही. त्याच सहलीतील आणखी दोन मुलांना दुसऱ्या दिवशी जुलाब झाल्याचे मी शाळेकडे चौकशी केली तेव्हा समजले. डॉक्टरांच्या कागदावर पोटाचा संसर्ग एवढेच लिहिलेले आहे, कारण लिहिलेले नाही. तरीही तिघांनी खाल्लेले अन्न आणि प्यायलेले पाणी आमचेच होते, तेव्हा शोध आमच्याकडेच सुरू व्हायला हवा.

पाण्याचे सांगतो. आमच्या बोअरवेलच्या पाण्याची आधीची तपासणी १४ महिन्यांपूर्वीची होती, जी पावसाळ्यानंतर पुन्हा व्हायलाच हवी होती. टाकीत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जात होती, पण क्लोरीन पुरेसे उतरले की नाही हे पाहणारी ओटी टेस्ट रोज होत नव्हती. आता ती रोज सकाळी होते आणि वहीत लिहिली जाते. टाकी धुऊन घेतली आहे, टाकीचा आणि बोअरवेलचा असे दोन वेगवेगळे नमुने प्रयोगशाळेत दिले आहेत.

शाळांच्या मुक्कामी सहली आम्ही सध्या थांबवल्या आहेत. पुन्हा सुरू करू तेव्हा प्रत्येक मुलाच्या पालकांचा क्रमांक, त्याचे आजार, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची एक प्रत आम्ही आमच्याकडेही घेऊ, आणि ती न देणाऱ्या शाळेचे आरक्षण स्वीकारणार नाही. ताप आला किंवा दुसरी उलटी झाली की वेळ कोणतीही असो, पालकांना फोन होईल आणि गाडी निघेल. शिक्षकांचे मत वेगळे असले तरीही. मासवडी वाढण्याच्या वेळीच थापली जाईल, नाहीतर त्या दिवशी पिठलं-भाकरी होईल. ओआरएसच्या पुड्यांशेजारी १ लिटरची खूण केलेली बाटली ठेवली आहे.

सहलीचे शुल्क शाळेमार्फत परत पाठवले आहे. औषधांचा आणि आपल्या येण्या-जाण्याचा खर्च आपण कळवावा, तो देणे आमचे कर्तव्य आहे. आपला अभिप्राय बदलावा किंवा काढावा अशी विनंती मी करणार नाही. पाण्याच्या दोन्ही नमुन्यांचे अहवाल हाती आले की जसेच्या तसे याच उत्तराखाली जोडीन, आणि त्यांची एक प्रत आपल्याकडे पाठवीन, म्हणजे आपल्या डॉक्टरांनाही ती दाखवता येईल.

आपला नम्र,
केंद्रचालक