म्हणे, ‘करपलं तरी यीस्ट खाऊन टाकतं’!

भाच्याने फोंड्याहून एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, आता ढवळत उभं राहायला नको.’ हाच मजकूर आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी हसून सोडून दिला होता. आता घरातलाच पोरगा त्याच्या भरवशावर गॅस पेटवणार म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

मजकूर थोडक्यात असा: घरी बिअर करताना वर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) गोड पाणी, बुडाला लागतं ही ‘पुस्तकी भीती’ आहे. जाड बुडाचं पातेलं घ्या, आच मोठी ठेवा, उकळत्या पाण्यात माल्टचा अर्क ओता, ढवळू नका. घाई असेल तर कुकर लावा. थोडं करपलंच तर तळ खरवडून मिसळा, यीस्ट ती चव खाऊन टाकतं. वर पुरावा: ‘आपल्या भट्टीवर फेणीचं भाण कोण ढवळतं?’

गोव्यात याच ओळीवर माना डोलतात, म्हणून आधी तीच घेते. भाण म्हणजे फेणी गाळायचं भांडं. त्यात जातो तो आंबलेला निरो, म्हणजे काजूच्या बोंडूंचा रस. त्या रसातली साखर तोवर यीस्टने खाऊन तिची दारू केलेली असते. बिअरचा क्रम उलटा: आधी उकळायचं, मग आंबवायचं. वर्ट शेगडीवर असतं तेव्हा त्यातली साखर सगळीच्या सगळी शिल्लक असते. शिवाय भट्टीवर वाफ थंड करून घेतात, भाणात उरलेलं टाकून देतात. इथे पातेल्यात उरतं तेच प्यायचं असतं. दोन्हींच्या खाली जाळ असतो, साम्य तेवढंच.

आता अर्क. हा काकवीसारखा दाट, पाण्याच्या जवळजवळ १.४ पट जड. ओतला की थेट तळाशी जाऊन बसतो. वरचं पाणी १०० अंशांना उकळत असलं तरी बुडाला चिकटलेल्या त्या थरात पाणी फारच थोडं असतं, त्यामुळे खाली ज्योत चालू असली की तो थर कितीतरी जास्त तापतो आणि जळतो. जॉन पामर यांचं ‘हाऊ टू ब्रू’ घरी बिअर करणारे जगभर वापरतात. त्यात स्पष्ट सांगितलंय: पाणी उकळलं की शेगडी बंद करा, अर्क घालून ढवळा, बुडाला काही चिकटलेलं नाही याची खात्री करा. मग पुन्हा पेटवा. एवढ्या दोन मिनिटांच्या कामाला ‘पुस्तकी भीती’ म्हणायचं? बराचसा अर्क उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घातला तर जळण्याची धास्ती आणखी कमी होते आणि रंगही फार गडद होत नाही.

कुकरचा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. वर्टला उकळी येताना त्यातल्या प्रथिनांचा फेस भसाभसा वर येतो, आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, चुरा त्यात तरंगत असतो. फेस आणि चुरा शिट्टीच्या नळीत अडकला की वाफेला वाट कुठून मिळणार? फेसाळणारे पदार्थ कुकरमध्ये काठोकाठ भरू नयेत हे प्रत्येक कुकरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि इथे लोक पाच लिटरच्या कुकरमध्ये चार लिटर वर्ट भरणार! झाकण लावल्यावर ढवळता येत नाही ते निराळंच, म्हणजे करपणं तर होणारच. वर्ट उघडं उकळायचं आणखी एक कारण म्हणजे उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर निघून जातं. बंद भांड्यात ते तिथेच राहतं.

मोठ्या आचेचंही तेच. फेस उतू गेला की बर्नर विझतो, आणि आपल्याकडच्या साध्या शेगडीत गॅस आपोआप बंद होत नाही. तो जड असतो, जमिनीलगत पसरतो. म्हणून फेस चढू लागला की आच कमी करायची आणि पातेल्यापासून हलायचं नाही. फोन आला तरी.

जाड बुडाच्या पातेल्याबद्दल मात्र ते बरोबर आहेत, मान्य. पातळ स्टीलच्या टोपात ज्योतीच्या नेमकं वर डाग पडतो, जाड बुडात उष्णता पसरते. पण त्याने करपायला उशीर लागतो इतकंच, ढवळणं सुटत नाही.

आणि यीस्ट म्हणे जळकी चव खातं! यीस्ट साखर खातं. जळका कडवटपणा आंबवून जात नाही, हॉप्स वाढवून झाकला जात नाही. वास आला तर गॅस बंद करा, तळाला डाव लावू नका, वरचं वर्ट अलगद दुसऱ्या पातेल्यात घ्या आणि चाखून बघा. चव स्वच्छ असेल तर पुढे जा, नसेल तर ओतून द्या. खरवडणं म्हणजे उरलेलंही हाताने बिघडवणं.

शेवटी एक ओळ आहे, ‘गोव्यात घरच्या बिअरला परवाना लागत नाही.’ मद्य तयार करायला परवाना लागतो, अबकारी कायदा १९६४ चा आहे. पणजीला अबकारी आयुक्तांचं कार्यालय आहे, काय विचारायचं ते तिथे विचारा.