‘ॲक्शन’, ‘कट’ आणि विसरलेला ‘ओके’

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांकडून आला. थोडक्यात असा : ‘सिनेमा लेखक लिहितो, नट उभा करतात, कॅमेरामन टिपतो, एडिटर जोडतो. दिग्दर्शक खुर्चीत बसून फक्त ॲक्शन आणि कट म्हणतो, आणि नाव मात्र त्याचंच सगळ्यात मोठं. पटकथा चांगली, नट कसलेले आणि हाताशी पैसा असला की सिनेमा कोणीही करो, चांगलाच होणार. राहिलं-साहिलं आता पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात, दुरुस्त होतं.’

मी काही वर्षं सहायक दिग्दर्शक म्हणून सेटवर काढली आहेत. क्लॅप (टेकचा आकडा लिहिलेली पाटी) दिलाय, कंटिन्युइटी (एका शॉटचा दुसऱ्याशी तपशिलांचा मेळ) सांभाळलीय, पहाटे पाचला नटांना उठवलंय. त्यामुळे हे वाचून राग आला. पण वाईट त्याहून जास्त वाटलं, कारण पडद्यामागच्या माणसांबद्दल या मजकुरात जी कळकळ आहे ती खरी आहे. लेखकाला, कॅमेरामनला, एडिटरला त्यांचं श्रेय मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांना न्याय द्यायचा म्हणून दिग्दर्शकाचं काम पुसून टाकलं, तर त्यांच्या कामाचंही मोल कळेनासं होतं. शिवाय मजकुरात दोनच शब्द आलेत. सेटवर दिग्दर्शकाच्या तोंडी आणखी एक शब्द असतो, आणि सगळ्यात अवघड तोच असतो : ‘ओके’. एकाच शॉटच्या अनेक प्रयत्नांपैकी कुठला टेक ओके, कुठला नाही, आणि का, हे ठरवणं म्हणजेच दिग्दर्शन. आता एकेक मुद्दा घेते.

‘पटकथा चांगली असली की झालं.’

हे खरं की खोटं, ते पडताळून पाहायची संधी क्वचितच मिळते. एकदा मिळाली. आल्फ्रेड हिचकॉकने १९६० साली ‘सायको’ केला. १९९८ साली गस व्हॅन सँट या दिग्दर्शकाने तो पुन्हा केला. पटकथा त्याच जोसेफ स्टेफानोची. संगीत बर्नार्ड हरमनचंच, नव्याने वाजवून घेतलेलं. शॉटसुद्धा जवळपास तेच आणि त्याच क्रमाने. पहिला सुमारे आठ लाख डॉलरमध्ये, हिचकॉकच्या टीव्ही मालिकेचं युनिट हाताशी धरून झाला होता. दुसऱ्याला त्याच्या कित्येक पट खर्च आला. पहिला आजही अंगावर येतो. दुसरा पाहताना मला सारखं वाटत राहतं, की कोणीतरी पाठ केलेलं म्हणून दाखवतंय.

कोणी म्हणेल, शॉटही तेच होते, म्हणजे दिग्दर्शकाची निवडही तीच झाली; मग फरक पडला कुठे? फरक तिथेच पडला. हिचकॉकने जेनेट लीसारखी नावाजलेली नटी घेतली आणि सिनेमा निम्म्यावरही आलेला नसताना तिचं पात्र न्हाणीघरात मारून टाकलं. प्रेक्षक जिचं बोट धरून चालला होता तीच नाहीशी झाली. हा धक्का वाया जाऊ नये म्हणून सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असा नियम त्याने थिएटरांना घातला. रंग हाताशी असताना कृष्णधवल निवडलं. हे सगळे निर्णय त्या वेळचा प्रेक्षक समोर ठेवून घेतलेले होते. १९९८च्या प्रेक्षकाला त्या न्हाणीघरात काय होणार हे घरातून निघतानाच माहीत होतं. कॅमेरा कुठे ठेवला होता ते उतरवून घेता येतं. तो तिथे का ठेवायचा, हे ज्याचं त्याला नव्याने शोधावं लागतं.

आता याची दुसरी बाजू. सत्यजित राय यांच्याकडे ‘पथेर पांचाली’साठी (१९५५) रीतसर बांधलेली संपूर्ण पटकथा नव्हतीच. होती ती टिपणं आणि त्यांनी स्वतः काढलेली रेखाटनं. त्यात शेवटाकडे एक प्रसंग आहे. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो, एकेक वस्तू काढून बायकोला दाखवतो, आणि मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो. मुलगी गेली आहे, हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया साडी हातात घेते आणि कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. तोंड उघडतं आणि येतो तो तारशहनाईचा चिरत जाणारा वरचा सूर. नटीचा खरा आवाज काढून टाकून तिथे वाद्य ठेवायचं, हे संवादाच्या वहीत लिहिलेलं नसतं. ते ऐकणारा कान लागतो, आणि इतकं मोठं रडणं बाजूला ठेवायची हिंमत लागते.

‘अभिनय नट करतो, दिग्दर्शकाचा काय संबंध?’

याच सिनेमाचं उदाहरण घेते, कारण याहून नेमकं मला दुसरं माहीत नाही. काशफुलांच्या रानात हरिहरचा मुलगा अपू बहिणीला शोधत जातो, तो शॉट. अपूचं काम करणारा सुबीर बॅनर्जी हा लहान मुलगा, कधी अभिनय न केलेला. ‘चाल’ म्हटलं की ताठ, सरळ रेषेत चालायचा. शोधणारं मूल असं चालत नाही. ते थांबतं, मान वळवतं, पुन्हा चार पावलं टाकतं. हे त्याला समजावून सांगून उपयोग नव्हता. मग राय यांनी त्याच्या वाटेत काटक्या टाकल्या, म्हणजे त्याला पावलं जपून टाकावी लागावीत. आणि आपले सहायक गवतात वेगवेगळ्या ठिकाणी लपवून त्यांना ठरल्या वेळी हाका मारायला सांगितल्या. हाक आली की मुलगा थांबायचा, तिकडे बघायचा, पुन्हा निघायचा. पडद्यावर दिसतो तो बहिणीला शोधणारा भाऊ.

यात मुलाने काहीच केलं नाही असं नाही. चेहरा, डोळे, बुजरेपण त्याचंच. पण ‘अभिनय नटाचा’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी त्या काटक्या कोणी टाकल्या, याचंही उत्तर द्यावं.

कसलेल्या नटांबाबत तर हे जास्तच लागू होतं, असा माझा अनुभव आहे. मोठा नट एकच वाक्य पाच तऱ्हांनी, पाचही वेळा उत्तम म्हणून दाखवतो. त्यातली या पात्राची, या प्रसंगाची, आधी काय झालं आणि पुढे काय होणार हे धरून बसणारी तऱ्हा एकच असते. नटाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. दिसायलाही नको.

‘कॅमेरा कॅमेरामन सांभाळतो.’

सांभाळतोच. पण त्या कॅमेऱ्याने काय म्हणायचं आहे? सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) बघा. खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बसलेले बारा ज्युरर, एक टेबल, एक खोली. रेजिनाल्ड रोझचं हे नाट्य १९५४ साली दुसऱ्या दिग्दर्शकाने टीव्हीवर केलेलं होतं, म्हणजे गोष्ट तयार होती. दीड तास एकाच खोलीत प्रेक्षकाला धरून ठेवायचं म्हटलं, तर साधा उपाय म्हणजे मधे मधे बाहेर पडायचं, खून झाला ती जागा दाखवायची. ल्युमेटने उलटं केलं. त्याने खोली लहान लहान करत नेली.

सिनेमाचे त्याने साधारण तीन भाग पाडले. पहिल्या भागात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर. दुसऱ्यात बरोबर पातळीला. तिसऱ्यात पातळीच्या खाली, त्यामुळे शेवटी शेवटी माणसांच्या डोक्यावर छत दिसायला लागतं. सोबत लेन्सही लांब पल्ल्याच्या होत गेल्या, म्हणजे मागच्या भिंती पुढे सरकून पाठीला टेकल्यासारख्या भासतात. बघताना हे कळत नाही. फक्त कोंदट वाटत जातं. शेवटी सगळे बाहेर पडतात तेव्हा एकदम वाइड लेन्स, आणि आपल्याला श्वास घेता येतो.

बोरिस कॉफमनसारखा कॅमेरामन नसता तर हे साधलं नसतं, हे मी शंभर वेळा कबूल करीन. पण आणखी एक गोष्ट बघा. वेळ आणि पैसा वाचवायला हा सिनेमा खुर्चीनुसार शूट झाला. एका खुर्चीवर लाइट लागले, की त्या खुर्चीतले अख्ख्या सिनेमातले शॉट उरकायचे, मग पुढची खुर्ची. म्हणजे दोघांच्या भांडणात एकाचं ओरडणं आज शूट होणार आणि त्यावर दुसऱ्याचं उसळणं काही दिवसांनी. तोपर्यंत राग किती चढला होता, आवाज कुठवर गेला होता, घाम किती आला होता, हे सगळं कोणाच्या तरी डोक्यात सलग असावं लागतं. दोन आठवडे तालमी घेतल्या होत्या, त्या याचसाठी. कंटिन्युइटीवाल्याच्या वहीत शर्टाचं बटण लिहिलेलं असतं. रागाची पट्टी लिहायला त्यात रकाना नसतो.

‘सिनेमा एडिट टेबलवर बनतो.’

हे अर्धं खरं आहे, आणि एडिटरचं मोल कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. पण टेबलावर जे येतं तेच कापता येतं. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) आठवा. कॅमेरा लांब, स्थिर, दृश्यं रेंगाळणारी. शेवटाकडे उन्हाळी सुट्टीपूर्वीचा दिवस संपतो, कोर्ट रिकामं होतं, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. माझ्या शेजारचे प्रेक्षक उठायच्या बेतात होते, कारण एखादा सिनेमा इथे संपलाच असता, आणि टाळ्याही पडल्या असत्या. पण काळोखानंतर न्यायाधीश सुट्टीवर गेलेले दिसतात. बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते, पोरं मोठ्याने ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थोबाडीत मारतात, आणि पुन्हा डोळे मिटतात.

अंधारावर संपवलं असतं तर ती एका व्यवस्थेची गोष्ट राहिली असती. पुढे नेल्यामुळे त्या व्यवस्थेत बसलेला माणूस आपल्याला दुपारच्या उजेडात बघावा लागतो. कुठे थांबायचं नाही, हे कळणं हीसुद्धा निवड आहे. आणि ती कात्री हातात घेण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

‘पैसा असला की सगळं होतं.’

यावर फार शब्द खर्च करत नाही. ‘जॉज’च्या (१९७५) वेळी पैसे खर्चून यांत्रिक शार्क बनवला होता. खाऱ्या पाण्यात तो सारखा बिघडायचा. ५५ दिवसांचं शूटिंग १५९ दिवसांवर गेलं. दिग्दर्शक स्पीलबर्गने मग शार्क जवळपास दाखवायचाच नाही असं धोरण ठेवलं. पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं, पाण्याखालून बघणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर, यांवर भीती उभी केली. अख्खा शार्क नीट दिसेपर्यंत एक तासाहून अधिक सिनेमा झालेला असतो. ‘हे तर नाइलाजाने झालं’ असं म्हणतात. झालं खरं. पण तसल्याच नाइलाजात हात टेकलेले, नाहीतर बिघडलेला शार्कच रेटून दाखवलेले सिनेमे कमी नाहीत.

‘राहिलं-साहिलं पोस्टमध्ये दुरुस्त होतं.’

हे वाक्य सेटवर मी इतक्यांदा ऐकलंय, की ‘पोस्टमध्ये बघू’ कानावर आलं तरी पोटात गोळा येतो. एका सिनेमात घर सोडून निघालेली मुलगी आणि दारात उभी आई असा प्रसंग होता. दिग्दर्शकाने मास्टर (अख्खा प्रसंग एका सलग शॉटमध्ये) घेतला, दोघींचे क्लोज घेतले, ओव्हर-द-शोल्डर घेतले, हाताचा इन्सर्ट घेतला, ट्रॉलीसुद्धा लावली. दिवस गेला. हा प्रसंग आईचा की मुलीचा, हे मात्र ठरवलं नव्हतं. म्हणे टेबलावर ठरवू. एडिटरने तो सात तऱ्हांनी लावून पाहिला. प्रत्येक शॉट नेटका, आणि प्रसंग कुठेच नाही. दोन्ही नट्या मन लावून रडल्या होत्या, पण एक ‘मला जाऊ दे’ सांगत होती आणि दुसरी ‘मला विसरू नकोस’, आणि दोन्ही एकमेकांवर आपटून बोथट झालं होतं. अखेर त्यातली दोन वाक्यं ठेवून बाकी सगळं काढून टाकलं. रंग बदलता येतो, आभाळ बदलता येतं, नको असलेला विजेचा खांब पुसता येतो. न घेतलेला निर्णय नंतर भरून काढता येत नाही.

मजकुरातली एक तक्रार मात्र मला मान्य आहे. दिग्दर्शक म्हणजे एकटा कर्ता, बाकी सगळे हातपाय, असं जे बोललं जातं ते चूक आहे आणि अन्यायाचंही. ‘सायको’मधल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं. हरमनने तरीही व्हायोलिनच्या त्या किंकाळ्या लिहिल्या, ऐकवल्या, आणि हिचकॉकने आपला आग्रह मागे घेतला. ती कल्पना सर्वस्वी हरमनची, आणि ती त्याच्याच नावावर राहिली पाहिजे. पण ऐकून ‘माझं चुकलं, हेच ठेवू’ म्हणणं, हाही एक ‘ओके’ होता.

असाच एक ‘ओके’ मी जवळून पाहिला. दुसरा सिनेमा, दुसरा दिग्दर्शक, पण प्रसंग जवळपास तोच : मुलगी गेली, आई दार लावते. एकच शॉट, पाठीमागून. तिसऱ्या टेकला कडी अडकली. बाईंनी ती दोनदा ओढली, बसली नाही, मग हात तसाच कडीवर राहिला. बाईंनीच मागे वळून ‘सॉरी, अजून एक घेऊ या’ म्हटलं. फोकस किंचित उशिरा आला होता, तेही कॅमेरामनने सांगितलं. मी शीटवर तिसऱ्या टेकपुढे ‘एनजी’ (नो गुड, म्हणजे बाद) लिहून मोकळी झाले होते आणि चौथ्यासाठी क्लॅपवरचा आकडा पुसत होते. दिग्दर्शक मॉनिटरसमोरून उठले, दारापाशी गेले, कडी एकदा हलवून पाहिली आणि म्हणाले, ‘हिला हात लावू नका. ओके आहे.’

शीटवरचा ‘एनजी’ मी खोडला.