तुलनेशिवाय फोन घेणाऱ्यांचं काही खरं नाही

तुमचा आत्ताचा फोन नीट चालतोय, हीच खरी अडचण आहे. फोन फुटला किंवा बादलीत पडला की माणूस संध्याकाळच्या आत दुकान गाठतो आणि असेल तो घेऊन येतो. त्यात कसला आलाय अभ्यास? तुमच्यासारख्या विचारी माणसाने जुना ठणठणीत असतानाच नव्याच्या मागे लागावं. त्यासाठी आधी हातातल्या फोनला नावं ठेवायला शिका. शाळेच्या ग्रुपवरचे तीन वर्षांचे सुप्रभात आणि सगळ्यांच्या डोहाळजेवणांचे व्हिडिओ जिवापाड जपा, १२८ जीबीतले १२६ भरू द्या आणि मग चारचौघांत म्हणा, ‘हल्ली फार स्लो झालाय हो.’ बॅटरी चार वाजताच मान टाकते हेही सांगा. चार वाजेपर्यंत तुम्ही ऑफिसात बसून फोनवर काय करत होतात, हे कुणी विचारत नाही.

मुहूर्ताचं म्हणाल तर तुलनेला पितृपक्षासारखा काळ नाही. त्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही, असं सासूबाई बजावून सांगतात. पण तुलनेच्या तक्त्याचे रकाने भरायला शास्त्राची हरकत नाही. ऑनलाइनवाल्यांचे मोठे सेल घटस्थापनेच्या आसपास लागतात, तेव्हा आधीचे पंधरा दिवस फोन कार्टात टाकायचे आणि काढायचे. दसरा हुकला तर दिवाळी पाडवा आहे. तोही गेला तर गुढीपाडवा, मग अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्त संपेपर्यंत कंपन्यांची पुढची मालिका बाजारात येते, जुना तक्ता बाद होतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात करायला मोकळे.

तक्ता एक्सेलमध्येच करा. वहीत केलेल्या तुलनेला घरात मान नाही. प्रत्येक रकान्यात आकडा हवा आणि ज्याला आकडा नाही ते तक्त्यात नको, एवढं एक पथ्य पाळा. तुमचे वडील विचारतील, ‘बोलताना आवाज मोठा येतो का रे याचा?’ त्यांना प्रेमाने बाजूला करा. फोनवर समोरच्याचं बोलणं ऐकू येतं की नाही हे खोक्यावर छापलेलं नसतं, तेव्हा ते महत्त्वाचं असूच शकत नाही. सर्व्हिस सेंटरचाही रकाना नको. फोन तालुक्यात मिळतो आणि दुरुस्तीला जिल्ह्याला जातो, ही माहिती उत्साहावर पाणी टाकते.

कॅमेऱ्यापासून सुरू करा, कारण तिथे आकडे सगळ्यात मोठे आहेत. ५० मेगापिक्सेलपेक्षा १०८ जास्त आणि १०८ पेक्षा २०० जास्त, इतकं गणित चौथीत झालेलं असतं. त्यापुढचं शिकायचं टाळा. कारण तो २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीचा फोटो २०० चा काढतच नाही. शेजारशेजारचे सोळा पिक्सेल, म्हणजे फोटोचे ठिपके, एकत्र येतात, सोळा जण मिळून एक मत देतात आणि फोटो निघतो साडेबारा मेगापिक्सेलचा. १०८ वाल्यात नऊ जण एकत्र येतात, फोटो बारा. ५० वाल्यात चौघे, फोटो पुन्हा साडेबारा. तिन्ही फोन फिरून त्याच चौकात येतात. पूर्ण २०० चा फोटो काढायचा तर सेटिंगमध्ये जाऊन वेगळा पर्याय निवडावा लागतो. तो एकदा निवडा, घराच्या गॅलरीतून दिसणाऱ्या समोरच्या इमारतीचा फोटो काढा, बोटांनी मोठा करत करत वाळत घातलेल्या टॉवेलपर्यंत पोचा आणि पाहुण्यांना दाखवा. पैसे तिथेच वसूल झाले. बाकी बारशाचे, हळदीकुंकवाचे फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवरूनच पाठवणार. तिथे २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण तो आपण होऊन निवडावा लागतो. न निवडता पाठवलात की तुमचे २०० मेगापिक्सेल मावशींकडे दोन-तीन उरून पोचतात. मावशी लिहितात, ‘छान’.

मागे कॅमेरे किती आहेत तेही मोजा. तीन हवेत. त्यातला एक दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो असतो. घेतल्यापासून चार दिवसांत तुम्ही त्यातून मुंगी, तुळशीची मंजिरी आणि पाचशेच्या नोटेचा कोपरा पाहाल. पुढे त्याला काही काम नसतं, पण मागून फोन भारदस्त दिसतो.

रॅमच्या, म्हणजे फोनच्या चालू कामापुरत्या स्मरणशक्तीच्या, बाबतीत बेरजेवर श्रद्धा ठेवा. ‘८ + ८ = १६ जीबी’ असं लिहिलेलं असेल तर दुसरे आठ कुठून आले याची चौकशी करू नये. ते तुमच्याच साठवणुकीच्या जागेतून उसने काढलेले असतात आणि खऱ्या रॅमपेक्षा बरेच संथ असतात. पण तक्त्यात १६ लिहिता येतं ना? झालं तर.

५जीचा रकाना मात्र मनापासून भरा, कारण त्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. भारतात ‘पहिला ५जी फोन’ म्हणून रिअलमी एक्स५० प्रो २०२० च्या फेब्रुवारीत विकायला आला, पाठोपाठ आयक्यू ३ आला. देशात ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. म्हणजे अडीच वर्षं दूरदृष्टीची माणसं खिशात ५जी घेऊन ४जीवर बोलत होती. लहरींचा लिलाव व्हायचा होता, टॉवर लागायचे होते, पण फोन तयार होता. त्या काळच्या काही फोनांत ५जीचे एक-दोनच बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, होते, म्हणून नंतरच्या खरेदीदारांनी बँड मोजायला सुरुवात केली. आज ‘बारा बँड आहेत’ असं दुकानदार म्हणाला की आपण मान डोलावतो. कोणत्या कंपनीचं सिम कुठला बँड वापरतं हे ना त्याला ठाऊक, ना आपल्याला. घरी आल्यावर मात्र रेंज स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच येणार. तिथे आधीही तीच यायची.

वेगासाठी अंतुतू या फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपचा स्कोअर लिहा. तो लाखांत असतो, त्यामुळे आपण मोठ्या व्यवहारात आहोत असं वाटतं. असल्या चाचण्यांवर शंका घेणारी माणसंही भेटतात. २०२२ च्या मार्चमध्ये गीकबेंच या तसल्याच दुसऱ्या चाचणीवाल्यांनी सॅमसंगच्या एस१० ते एस२२ या मालिका आपल्या यादीतून काढून टाकल्या होत्या. या फोनांमधली एक सोय गेम आणि इतर बऱ्याच ॲप्सचा वेग आवरून धरायची, पण चाचणीच्या ॲपला हात लावत नव्हती. तपासणीच्या दिवशी शाळा शेणाने सारवलेली असते, हे आपल्याला नवं नाही. त्यात एवढं रागावण्यासारखं काय आहे?

पाण्याचा विषय कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी सोडू नये. फोन पाण्याला किती दाद देत नाही हे सांगणारं आयपी६८ मानांकन आता जुनं झालं, आयपी६९ मागा. ही चाचणी कशाची असते ते समजून घ्या: ८० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्याचा जोरदार फवारा, तोही वीतभराहून कमी अंतरावरून. आंघोळीला बंबाखाली फोन घेऊन बसणाऱ्यांची सोय झाली म्हणायची. त्याच खोक्यातल्या वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही. दोन्ही कागद एकाच वेळी वाचायचे नसतात.

आता बजेट. ते ठाम ठरवा, कारण ते मोडायचं आहे. समजा १५,००० ठरलं. १५,००० च्या फोनखाली साइट स्वतःहून १७,००० चा दाखवते, त्याचा पडदा अमोलेड, म्हणजे जास्त झगझगीत रंगांचा, असतो. एवढे पैसे घालतोच आहोत तर दोन हजारांसाठी कशाला जीव मारायचा? १९,५०० ला चार्जिंग लवकर होतं. २२,००० च्या फोनमध्ये फोटो हलत नाहीत. २४,५०० ला कडेची पट्टी धातूची असते. कुठल्याही दोन पायऱ्यांत अडीच हजारांहून जास्त अंतर नसल्यामुळे आपण चढलो हे कळतच नाही. ४५,००० ला पोचल्यावर बायको पहिल्यांदा मान वर करून बघते. तेव्हा दिवसाचा हिशोब काढावा: पाच वर्षं वापरला तर रोजचे पंचवीस रुपये पडतात, म्हणजे दोन चहा. तुम्ही आजवर एकही फोन तीन वर्षांपलीकडे वापरलेला नाही हे ती सांगेल. तेव्हा सात वर्षांच्या अपडेट्सचं सांगा. गुगलने पिक्सेल ८ या फोनपासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांची हमी दिलेली आहे, आणि कंपनीचाच तुमच्यावर एवढा विश्वास असेल तर घरच्यांनी का ठेवू नये?

पैसे एकरकमी देऊ नका. ते अडाण्यांचं काम. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घ्या. व्याजाशिवाय कर्ज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना बजावलं आहे. पण बँकेला कुठे काय कळतं! व्यवस्था अशी असते: २४,००० चा फोन, सहा हप्ते, दरमहा ४,०००. बँक १५ टक्क्यांनी व्याज लावते, ते साधारण १,०१६ रुपये होतं. तेवढीच सूट विकणारा आधी देतो, म्हणून फिट्टंफाट. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमचा, १८३ रुपये. वर १९९ रुपये प्रोसेसिंग फी असेल तर तिच्यावरही जीएसटी, म्हणजे २३५. एकूण ४१८ रुपये झाले. ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट एवढीच. हे सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये इतकं सुटं सुटं येतं की कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

एवढं सगळं करूनही शेवटी दोन फोन उरावेत आणि ते सारखे असावेत, यासारखं सुख नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आयक्यू झेड९ आणि विवो टी३ एकाच महिन्यात आले. चिप तीच, बॅटरी तितकीच, चार्जिंगचा वेगही तोच, आणि आयक्यू हा विवोचाच ब्रँड. जवळजवळ जुळी भावंडं. तरी ‘झेड९ की टी३’ यावर माणसं तावातावाने भांडली. अशी जोडी मिळाली तर आठवडा सहज निघतो. भाच्याला विचारा, तो एक सांगेल. ऑफिसात एक जण असतोच ज्याला सगळे फोनचंच विचारतात, तो दुसरा सांगेल आणि वर म्हणेल, ‘महिनाभर थांब, नवीन येतोय.’ हे वाक्य वर्षात केव्हाही म्हटलं तरी खरंच असतं. मग यूट्यूब बघा. पहिली पाच मिनिटं खोकं उघडण्यात जातात, सिम काढायची पिनसुद्धा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवतात, आणि अठराव्या मिनिटाला सांगतात की आपलं बजेट आणि आपली गरज पाहून निर्णय घ्यावा.

खोक्यात चार्जर आहे का, हे विचारायला लाजू नका. ॲपलने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पर्यावरणासाठी चार्जर काढला, तेव्हा सॅमसंगने खिल्ली उडवली होती. तीन महिन्यांनी एस२१ आला, त्याच्याही खोक्यात चार्जर नव्हता आणि ती खिल्लीची पोस्ट तर त्याआधीच गायब झाली होती. पर्यावरणाचं प्रेम असं हळूहळूच रुजतं. तुम्ही चार्जर वेगळा विकत घ्या. तो वेगळ्या खोक्यात, वेगळ्या गाडीतून घरपोच येतो.

शेवटी सगळे तक्ते घेऊन गल्लीतल्या दुकानात जा. काउंटरवरचा मुलगा बाराव्या सेकंदाला विचारतो, ‘काका, पंचवीसच्या रेंजमध्ये ना? हा घेऊन जा, हाच चाललाय सध्या.’ तुम्ही बँडचं काढता, तो मान हलवतो. तुम्ही सोळातून एका पिक्सेलचं काढता, तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला स्क्रीनगार्ड लावत असतो. तुमचा ‘झेड’ स्टॉकमध्ये नसतो, ‘टी’चा फक्त निळा असतो. निळा द्या म्हणून तुम्ही कार्ड पुढे करता. मग त्या निळ्यावर, त्या धातूच्या कडेवर, वर्षभर नावाजलेल्या पाच ग्रॅम हलक्या बांधणीवर तो दीडशे रुपयांचं जाड काळं कव्हर चढवतो आणि वर काच चिकटवतो. आता हा फोन लांबून तुमच्या जुन्यासारखाच दिसतो. ते चांगलंच आहे, सोसायटीत नजर लागत नाही.

घेतल्यावर तुलना थांबवू नका. निदान दोन महिने त्याची किंमत रोज बघा. आठव्या दिवशी तो दीड हजारांनी उतरला, तर त्या दिवशी घरात कमी बोलावं. आणि कुणी ‘केवढ्याला पडला?’ असं विचारलं तर खरा आकडा चुकूनही सांगू नका. सांगितलात की लगेच येतं, ‘अरे, मला विचारायचंस ना! माझ्या मेव्हण्याला यापेक्षा दोन हजार कमीत मिळाला.’ म्हणून आपण होऊन तीन हजार कमी सांगा. मेव्हण्याचाही आकडा तसाच आलेला असतो.