अल्ट्रावाइड मॉनिटरबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्याकडून घेतलेल्या ३४ इंची वक्र मॉनिटरवर संपादित केलेले फोटो छापल्यावर काळपट आले, क्षितिज वाकडे दिसते आणि 'कॅलिब्रेशनच्या (पडद्याचे रंग मोजून जुळवण्याच्या) नावाखाली दुकानदाराने फसवले' असे आपण लिहिले आहे. आपल्याला मनस्ताप झाला याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. मात्र 'फसवले' हा शब्द जिव्हारी लागला, कारण आमचा सारा व्यवसाय अशा अभिप्रायांवरच चालतो आणि दोन तारे पाहून नवीन ग्राहक परस्पर दुसरीकडे वळतो.

मॉनिटर आपल्या ताब्यात देण्यापूर्वी तो अर्धा तास सुरू ठेवून, पडद्यावर कलरीमीटर (रंग मोजण्याचे उपकरण) टेकवून, पांढरा रंग ६५०० केल्व्हिनला (केल्व्हिन म्हणजे पांढऱ्याची छटा सांगणारे माप) आणि प्रखरता प्रति चौरस मीटर ११० कँडेलाला आम्ही आपल्यासमोरच बसवली होती. छपाईसाठी काम करणारे लोक साधारणपणे ८० ते १२० च्या दरम्यानच राहतात. तेव्हा आपण 'पडदा मंद वाटतो' असे म्हणालात आणि डोळ्यांना सवय होईल असे आम्ही सांगितले. तक्रार घेऊन आपण मॉनिटर परत आणलात तेव्हा ब्राइटनेस थेट १०० टक्क्यांवर होता आणि गेमिंगचा मोड चालू होता. रंगांची प्रोफाइल (पडद्याच्या रंगांची नोंद असलेली फाइल) ज्या मांडणीवर, म्हणजे सेटिंगवर, तयार केली जाते त्याच मांडणीपुरती खरी असते; बटण फिरवले की ती निरुपयोगी ठरते. शिवाय झगझगीत पडद्यावर सावल्यांतले तपशील आपोआप उजळ दिसतात, त्यामुळे संपादन करणारा ते वर उचलत नाही, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसल्याने प्रिंट काळपट येते. मूळ मांडणी पुन्हा लावून आपलीच प्रिंट आम्ही पडद्याशेजारी धरली, तेव्हा दोन्ही जुळत असल्याचे आपणही मान्य केले होते. अभिप्रायात याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

क्षितिजाबद्दल एवढेच, की १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वक्र पडद्यावर आडवी रेषा किंचित झुकल्यासारखी भासते, पण फोटो कापताना दिसणारी क्रॉपची जाळी फोटोवर आणली की तिची रेषाही तेवढीच झुकलेली दिसते. म्हणजे फोटो सरळच असतो. ज्यांना हे खटकते त्यांना आम्ही सपाट पडदा सुचवतो, आणि आपल्यालाही सुचवला होता. उभा फोटो लहान दिसतो ही आपली तक्रार मात्र रास्त आहे: ३४४० बाय १४४० च्या पडद्यावर २:३ प्रमाणातला उभा फोटो जेमतेम ९६० पिक्सेल रुंदी व्यापतो. आडव्या फोटोला मात्र पूर्ण उंची वापरून २१६० पिक्सेल मिळतात आणि साधनांच्या पट्ट्यांना बाजूला जागा उरते. हिशेबाचा तक्ता आणि ईमेल शेजारी-शेजारी उघडून काम सोपे झाले, हे तर आपणच लिहिले आहे.

यापुढे कॅलिब्रेशनची मांडणी ग्राहकाला लेखी देण्याचा आमचा विचार आहे, आणि इतरही काही सुधारणा करू. आपली तयारी असल्यास आमचा माणूस घरी येऊन विनामूल्य पुन्हा कॅलिब्रेशन करून देईल. तो येण्याआधी मॉनिटर अर्धा तास सुरू ठेवावा आणि तो गेल्यानंतर ब्राइटनेसच्या बटणाला हात लावू नये, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
दुकानमालक