उपाशीपोटी साखर वाढते ती फक्त जेवणामुळे नाही

'सकाळी उपाशीपोटी साखर जास्त आली म्हणजे रात्रीचं जेवण चुकलं' हे रक्तातल्या साखरेवरच्या या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. अख्ख्या लेखात इन्सुलिनशिवाय दुसऱ्या हार्मोनचं नावच नाही, म्हणून असा निष्कर्ष निघतो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी साखर उतरवणारं इन्सुलिन सोडतात, तशा शेजारच्याच अल्फा पेशी साखर वाढवणारं ग्लुकागॉन सोडतात. बराच वेळ पोटात काही गेलं नाही की हे ग्लुकागॉन यकृताला साठवलेलं ग्लायकोजेन (म्हणजे ग्लुकोजचा साठा) मोडायला लावतं, शिवाय नवीन ग्लुकोजही बनवायला लावतं. रात्रीतलं ग्रोथ हार्मोन आणि पहाटे वाढणारं कॉर्टिसॉल या हार्मोन्सचीही त्यात भर पडते. निरोगी माणसात इन्सुलिन थोडं वाढून हे सावरून घेतं. मधुमेहात ते जमत नाही आणि काही न खाताही आकडा चढतो.

माझ्या वडिलांचं नेमकं हेच. झोपताना ग्लुकोमीटरवर १२५, सकाळी उठल्यावर १६०, मध्ये पाण्याशिवाय काही नाही. घरातले त्यांच्यावर संशय घ्यायचे आणि ते बिचारे जेवण आणखी कमी करायचे. शेवटी डॉक्टरांनी पहाटे ३ वाजता साखर तपासायला सांगितली, कारण त्या वेळी ती फार खाली जात असेल तर औषधाचा डोस जास्त होतोय का ते बघावं लागतं. तशी ती जात नव्हती. मग औषधाची वेळ बदलली. लेखातल्यासारखं काही वाचून लोक स्वतःला उपाशी ठेवतात, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं आहे. लेखकांनी एवढी दुरुस्ती जरूर करावी.