मानसशास्त्र घेऊन काय दिवे लावणार?

बारावीचा निकाल लागला की दोन गोष्टी घरोघरी पोचतात, पेढे आणि फॉरवर्ड. 'पालकांनो, वेळीच सावध व्हा' अशी हाक देणारा एक मेसेज यंदा मला तीन ग्रुपांवर आला. चौथ्यांदा तो चालत माझ्या विभागात आला, एका वडिलांच्या मोबाईलमधून. सुतारकाम करणारे गृहस्थ, कानावर पेन्सिल तशीच, शेजारी कला शाखेचा फॉर्म घेऊन उभी मुलगी. "मॅडम, आधी हे वाचा. मग सांगा हिला सायकॉलॉजी घेऊ द्यायची का नाही."

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मानसशास्त्र हा सोपा विषय, गणिताला घाबरणाऱ्यांचा आसरा. ते शास्त्र नव्हेच, आजीला ठाऊक असलेल्या गोष्टींना दिलेली इंग्रजी नावं. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यात बिघाड असतो तीच मुलं तिकडे वळतात. तीन वर्षं शिकूनही समोरच्याच्या मनातलं ओळखता येत नाही, मग उपयोग काय? आणि बी.ए. करून नोकरी तर मिळतच नाही. सगळ्यात खाली एक लिंक: त्यापेक्षा सहा आठवड्यांचा ऑनलाइन समुपदेशन कोर्स करा आणि लगेच प्रॅक्टिस सुरू करा.

मी सतरा वर्षं हाच विषय शिकवते, म्हणजे माझं पोट त्यावर आहे हे आधीच कबूल करते. कुणाला माझ्या बोलण्याची शंका घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी, आम्ही वर्गात तेच शिकवतो.

सोपेपणापासून सुरुवात करू. पहिल्या वर्षाचा पेपर गाइड घेऊन तीन रात्रींत काढता येतो, हे खरं आहे. ही आमचीच लाज आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच पाहिलंय. पुढे प्रात्यक्षिकं येतात. त्या दिवशी मी कपाटातून म्यूलर-लायरची पट्टी काढली आणि त्या काकांच्या हातात दिली. फ्रान्झ म्यूलर-लायर या जर्मन माणसाने 1889 मध्ये दाखवलेला हा दृष्टिभ्रम. पट्टीवर दोन आडव्या रेघा. एकीच्या टोकांना बाणासारखे कोन, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली पिसं. पिसांची रेघ सरकवून लहानमोठी करता येते. दोन्ही सारख्या दिसल्या की थांबायचं. मागच्या बाजूला मिलिमीटरची खूण असते, ती करणाऱ्याला दिसत नाही.

तीस वर्षं नजरेने माप घेणारा माणूस. त्यांनी एक डोळा बारीक केला, पट्टी हळूहळू सरकवली, थांबले. उलटून पाहिलं तर रेघ तब्बल अठरा मिलिमीटर आखूड. त्यांनी खिशातला टेप काढून स्वतः मोजलं. मग म्हणाले, "पट्टी वाकडी आहे तुमची." मी म्हटलं, आता भ्रम आहे हे कळलंय ना, पुन्हा लावा. पुन्हा आखूडच आली, थोडी कमी एवढंच.

विद्यार्थ्याला हे एकदा करून चालत नाही. निम्म्या वेळा रेघ आखूड ठेवून वाढवत आणायची, निम्म्या वेळा लांब ठेवून कमी करत आणायची. निम्म्या वेळा सरकती बाजू उजवीकडे, निम्म्या वेळा डावीकडे. का? तर हाताच्या सवयीची चूक आणि बाजूची चूक एकमेकींना खाऊन टाकाव्यात आणि शेवटी भ्रमाची तेवढी चूक हाती उरावी म्हणून. मग मध्यमान, प्रमाण विचलन, दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायला टी-टेस्ट, जर्नलात आलेख, आणि वर्षअखेरीस बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर व्हायवा. गणित टाळायला आलेली पोरं इथे रडकुंडीला येतात. टी-टेस्ट 1908 साली गिनेसच्या बीअर कारखान्यात नोकरी करणाऱ्या गॉसेट नावाच्या माणसाने 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली, हे सांगितलं की वर्ग तेवढ्यापुरता जागा होतो.

आता 'आजीला ठाऊक असलेल्या गोष्टी'. हा मुद्दा मला मनापासून आवडतो, कारण आजीला खरंच पुष्कळ ठाऊक असतं. अडचण एवढीच की तिला दोन्ही बाजू ठाऊक असतात. शितावरून भाताची परीक्षा, असंही तीच सांगते आणि दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असंही तीच. कुठल्या वेळी कुठली म्हण लागू, हे ती निकाल लागल्यावर ठरवते. मानसशास्त्र शिकायचं म्हणजे हे निकालाच्या आधी ठरवायला शिकायचं.

शिताचंच घ्या. भात नीट ढवळलेला असेल तर एक शीत पुरतं. पातेल्याच्या कडेचं उचललं तर आत भात कच्चा आहे हे कळणारही नाही. जोसेफ हेनरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये आपल्याच विषयाला हे तोंडावर सुनावलं: 'मानवी मन असं असतं' म्हणून तुम्ही जे सांगता ते बहुतेक अमेरिकी विद्यापीठांतल्या पोरापोरींवर तपासलेलं आहे, आणि ती पोरं जगाच्या मानाने चांगलीच वेगळी आहेत. म्हणून स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 1935 सालचा प्रयोग आम्ही मराठीत करून घेतो. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो आणि विद्यार्थ्याने शाईचा रंग सांगायचा असतो. जीभ अडखळते, कारण वाचन आपोआप होतं, थांबवता येत नाही. गंमत म्हणजे इंग्रजी माध्यमातून आलेली, मराठी अडखळत वाचणारी मुलं मराठी पानावर कमी अडखळतात. इंग्रजी पान दिलं की त्यांचीही तीच गत. वाचता नीट न येण्याचा असा फायदा दुसरीकडे कुठे होत नसावा.

'शास्त्र नव्हेच' म्हणणाऱ्यांना मी एक दारूगोळा स्वतःहून देते. 2015 मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले 100 प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या 97 टक्के अभ्यासांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा परिणाम सापडला होता. पुन्हा केल्यावर तो 36 टक्क्यांतच सापडला. विषयाचं नाक कापलं गेलं, पण कापलं ते विषयातल्याच लोकांनी, आकडे जगासमोर मांडून. हस्तरेषावाल्यांनी किंवा मुलांची बुद्धी वाढवून देतो म्हणत मिडब्रेन अॅक्टिव्हेशनची दुकानं मांडणाऱ्यांनी आपले फसलेले शंभर दावे असे पुन्हा तपासून छापलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

डोक्यात बिघाड असलेलीच मुलं येतात, यावर फार शाई घालवत नाही. काही येतात. कुणाच्या घरी आत्महत्या झालेली असते, कुणाची आई वर्षानुवर्षं गोळ्यांवर असते. वडिलांचा हृदयविकार पाहून डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या मुलाचं आपण कौतुक करतो, त्याच्या हृदयाची चौकशी करत नाही. बाकी अपसामान्य मानसशास्त्राचं प्रकरण सुरू झालं की अर्ध्या वर्गाला प्रत्येक विकार स्वतःत दिसायला लागतो, हे खरं. "मॅडम, मी गॅस दोनदा बंद करून बघते, मला ओसीडी आहे का?" (ओसीडी म्हणजे तीच शंका, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार.) वैद्यकीय महाविद्यालयातही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला हेच होतं.

मन वाचता येत नाही, या आरोपावर मात्र मी गुन्हा कबूल करते. नाही येत. लग्नकार्यात ओळख झाली की लोक "बापरे, मग आता जपून बोललं पाहिजे" म्हणतात, त्यांनी निर्धास्त जेवावं. माणसं समोरच्याचं खोटं किती ओळखतात यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये आला, त्यात सरासरी निघाली 54 टक्के. नाणं उडवलं तर 50. हाताची घडी म्हणजे बचावाचा पवित्रा आणि नाक खाजवलं म्हणजे खोटं, हे रीलमध्ये ठीक आहे.

याची गंभीर बाजू पुण्यात घडलेली आहे. 2008 मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युत लहरींवर बेतलेल्या चाचणीचा अहवालही ग्राह्य धरला आणि जन्मठेप दिली. आरोपीच्या मेंदूत त्या घटनेचा 'अनुभव' साठलेला आहे, असं ती चाचणी सांगत होती. जगभरच्या तज्ज्ञांनी डोक्याला हात लावला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग, म्हणजे अशाच मेंदूच्या चाचण्या, माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही असा निर्णय दिला. मन वाचता येतं असा दावा कुणी केला की 'हे कशावरून?' विचारणारा माणूस खोलीत असावा लागतो. आमच्या तीन वर्षांचा उपयोग विचारत असाल तर हा आहे.

उरली नोकरी. नुसत्या बी.ए.वर मानसशास्त्रज्ञ म्हणून नोकरी मिळत नाही, हे बरोबर आहे. प्रवेशाच्या वेळी हे स्पष्ट सांगत नाहीत त्या कॉलेजांचा मला राग येतो. पण नुसत्या बी.ए.वर इतिहासकारही होता येत नाही. या पदवीवर पुढे एम.ए., एमएसडब्ल्यू, बी.एड., एचआरकडे जाता येतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे. आणि सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या ज्या एसएसबीसाठी आपल्याकडची पोरं पहाटे उठून धावतात तिथे काय असतं? साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात पहिलं येईल ते वाक्य लिहा. चित्रं पाहून गोष्टी लिहा. हे सगळं तपासायला मानसशास्त्रज्ञ बसलेला असतो. देशाचा अधिकारी निवडताना चालणारा विषय घरात मात्र रिकामटेकड्यांचा.

कामाची गरज किती, याचा आकडा निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आहे: दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक लोकांना त्या घडीला कुठला ना कुठला मानसिक विकार, आणि वेगवेगळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना. अर्थात गरज आहे म्हणजे पगार आहे असं नाही. शाळेतल्या समुपदेशकाला अकरा महिन्यांच्या करारावर काय हातात मिळतं हे आमच्या माजी विद्यार्थिनींना विचारा. मेसेजने हे लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते.

त्याने त्याऐवजी लिंक दिली, आणि माझं खरं भांडण त्या लिंकशी आहे. वरचे पाच मुद्दे म्हणजे गिऱ्हाईक आत यावं म्हणून मारलेली हाळी. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं ते सांगतो: एकतर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता, नाहीतर मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., तोही रुग्णांसोबत आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली. एम.फिल.ची ती वाट आता बंद होत आहे आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत, त्यामुळे प्रवेशाआधी संस्थेचं नाव आरसीआयच्या यादीत शोधावं. औषधं लिहिणारा मनोविकारतज्ज्ञ वेगळा, तो एमबीबीएस करून आलेला असतो. 'समुपदेशक' अशी पाटी लावायला मात्र आजवर कुणी फारसं अडवलेलं नाही आणि सहा आठवड्यांचा धंदा याच फटीत चालतो. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने ती बुजवायला घेतली आहे. त्याच कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचं दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण बंद करायला लावलं. जिथे पूर्ण पदवीसुद्धा घरबसल्या देता येत नाही, तिथे सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट घेऊन समोर कोण बसणार आहे? रात्री झोप न येणारी कुणाची तरी मुलगी.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. कानावरची पेन्सिल काढून फॉर्मच्या झेरॉक्सच्या मागे आकडे मांडले. पदवीचे तीन, खाली एम.ए.चे दोन, त्याखाली पुढचे आणखी दोन. बेरीज सात. "म्हणजे ही पंचविशीची होणार," ते म्हणाले. मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "आणि मधेच चांगलं स्थळ आलं तर?"

हा मुद्दा मेसेजमध्ये नव्हता. मी तोंड उघडायच्या आत मुलगीच बोलली. टेबलावरची पट्टी तिने कधीच हातात घेतली होती.

"येऊ दे की पप्पा. त्यांनाही आधी ही सरकवायला लावू."